कोणत्या रस्त्याने उशिरा पोहोचावे? झरी–परभणी अपडाऊन करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

झरीहून परभणीला रोज अपडाऊन करणाऱ्या माणसाला निघतानाच दोन मते ऐकायला मिळतात. एक मत म्हणते, जिंतूर रोडने सरळ सुट. राष्ट्रीय महामार्ग आहे, गाडी एका दमात शहराला लागते. दुसरे म्हणते, कशाला ट्रकवाल्यांच्या नादी लागतोस, आतल्या रस्त्याने गावागावांतून जा आणि शहर आले की मोठा रस्ता सोडून गल्ल्या धर. दोन्ही पक्षांचे पुरस्कर्ते फाट्यावरच्या हॉटेलात बसून आपापल्या रस्त्याने किती मिनिटे वाचतात ते छातीठोकपणे सांगतात. रस्ता हा वेळ वाचवण्यासाठी निवडायचा असतो, याबद्दल मात्र दोघांचेही एकमत असते. सदर मार्गदर्शनाचा हेतू हा गैरसमज दूर करणे एवढाच आहे. झरी ते परभणी या सुमारे वीस किलोमीटरांत रस्ता बदलून वाचवण्याजोगा वेळ जवळपास नाही. माणूस कोणत्याही वाटेने गेला तरी जेवढा उशीर व्हायचा तेवढा होतोच. बदलते ते उशिराचे कारण, आणि साहेब, मुख्याध्यापक, बँकेचा मॅनेजर किंवा दुकानाचा शेठ यांच्यासमोर उभे राहिल्यावर माणसाच्या उपयोगी पडते ते कारणच. म्हणून रस्त्याची निवड त्यावर पिकणाऱ्या कारणांकडे पाहून करावी, असे आमचे प्रतिपादन आहे.

प्रथम वेळेचा हिशेब मिटवून टाकू. वीस किलोमीटर अंतर ताशी चाळीसच्या वेगाने तीस मिनिटांत कापले जाते. वेग साठ केला तर वीस मिनिटे लागतात, म्हणजे दहा मिनिटे वाचली. इथवर ठीक आहे. पण ऐंशीने गेल्यास पंधरा मिनिटे लागतात आणि जादाच्या वीस किलोमीटर वेगाने फक्त पाच मिनिटे पदरात पडतात. शंभराचा काटा गाठला तर आणखी तीन. वेग सारख्या पायऱ्यांनी वाढतो आणि वाचणारी मिनिटे मात्र दर पायरीला आटत जातात, हे गणित शाळेत प्रत्येकाने केलेले असते आणि गाडीला किक मारताच प्रत्येक जण विसरतो. शिवाय हे सगळे रस्ता मोकळा आहे असे धरून. ही वाचवलेली पाच-सात मिनिटे शहराच्या तोंडाशी जमा करावी लागतात, कारण महामार्गाने आलेला आणि आतून आलेला असे दोघेही शेवटी त्याच परभणीत, त्याच साडेनऊच्या गर्दीत, त्याच चौकात शाळेच्या रिक्षांमागे येऊन थांबतात. दोन वाटांचा चिंचोळा भाग एकच असेल, तर त्याआधी कोणी कुठून धाव घेतली याला फारसा अर्थ उरत नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असे मराठवाड्यात कोणी कधीचे म्हणून ठेवले आहे. झरीकराची तर बनली तरी परभणीच असते.

यावर अनुभवी मंडळी म्हणतील, आम्ही वर्षानुवर्षे जातो आहोत, आम्हाला कोणता रस्ता चांगला ते कळते. विद्वानांचे निष्कर्ष मात्र या मंडळींना फारसे अनुकूल नाहीत. लंडनमध्ये फेब्रुवारी 2014 मध्ये भुयारी रेल्वेचा संप झाला, बरीच स्थानके बंद राहिली आणि लोकांना नाइलाजाने दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर प्रवासाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साधारण वीसातला एक प्रवासी संप मिटल्यावरही नव्याच वाटेने जात राहिल्याचे दिसले. म्हणजे तोवर तो रोज वाकडी वाट चालत होता आणि तिलाच अनुभव म्हणत होता. उरलेले एकोणीस जुन्या वाटेवर परतले. त्यांची वाट उत्तम होती की त्यांना सवय सुटली नाही, हे नोंदीवरून सांगणे अवघड. त्याआधी 1952 साली वॉर्ड्रॉप या इंग्रज संशोधकाने मांडून ठेवले होते की, जो तो आपापली सर्वांत जलद वाट शोधू लागला की वापरातल्या सगळ्या वाटांना शेवटी सारखाच वेळ लागू लागतो. जी वाट जलद, तिच्यावर लोक लोटतात आणि ती इतरांइतकी मंद होईपर्यंत लोटत राहतात. मग 1968 मध्ये डीट्रिश ब्रेस या गणितज्ञाने त्यावर कडी केली. गर्दीच्या जाळ्यात एक नवा रस्ता जोडला की कधी कधी सगळ्यांचाच प्रवास लांबतो, हे त्याने कागदावर सिद्ध केले. ब्रेस जर्मनीचा. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही घोषणा इतकी वर्षे निष्कारण दिली जात होती असे ज्यांना वाटते, त्यांनी हे नोंदवून ठेवावे.

इथे एक शंका रास्त आहे: झरीच्या रस्त्यावर लंडनची गर्दी कुठे? खरे आहे, नाही. पण मोकळ्या रस्त्यालाही स्वतःची मर्यादा असते, आणि ती माणसाच्या अंगात असते. इटलीचे मार्केटी यांनी 1994 मध्ये लिहिले की, पायी चालणारा असो की मोटारीतला, माणूस रोजच्या येण्याजाण्यावर सरासरी तासभर घालवतो. वाहन वेगवान झाले की तो वाचलेल्या वेळात घरी बसत नाही, आणखी लांब जातो. झरीकराचे ऑफिस लांब सरकत नाही, म्हणून तो दुसरा उपाय करतो: उशिरा निघतो. परभणी–जिंतूर रस्त्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले होते, एक बाजू उकरलेली आणि दुसरीवर धुरळा, तेव्हा माणसे अर्धा तास आधी निघून दहा मिनिटे उशिरा पोहोचायची. सिमेंटचा रस्ता झाल्यावर तीच माणसे अर्धा तास उशिरा निघतात आणि दहाच मिनिटे उशिरा पोहोचतात. ‘लवकर निघा’ हा जो सोपा उपाय सगळे सुचवतात, त्याचे उत्तर यातच आहे. लवकर निघण्याची मुभा कालही होती. ती कोणी घेतली नाही आणि चांगला रस्ता हातात आल्यावर तर ती घेण्याचे कारणच संपले.

तेव्हा उशीर हा स्थिर धरू आणि कारणाकडे वळू. राज्य सरकारी कचेऱ्यांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाला आणि त्याच्या बदल्यात कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा अशी झाली. शनिवारच्या सुट्टीचे स्वागत सगळ्यांनी केले. सकाळच्या पंधरा मिनिटांकडे कोणाचे लक्ष गेले नाही, ती आता हजेरीच्या यंत्रासमोर बोट टेकवताना आठवतात. तीन लेटमार्कला एक सीएल जाते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कारणाची किंमत वेगळी सांगायला नको. आणि हा प्रश्न फक्त झरीहून जाणाऱ्यांचा नाही. त्याच वेळी परभणीत राहणारे शिक्षक, बँकेचे कर्मचारी, आरोग्य केंद्रातला स्टाफ, महसूल आणि ग्रामपंचायतीची माणसे झरीकडे, बोरीकडे, जिंतूरकडे निघालेली असतात. दोन फौजा रोज सकाळी एकमेकींसमोरून सुसाट जातात, दोन्हींना उशीर झालेला असतो, आणि दोन्हींनी जागच्या जागी नोकरी धरली असती तर रस्ता ओस पडला असता. पण मग कारणेही बंद पडली असती. चांगल्या कारणाला तीन कसोट्या लावाव्यात. ते सांगणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे असावे, ऐकणाऱ्याला फोनवरून तपासता येऊ नये आणि महिन्यात दुसऱ्यांदा सांगताना लाज वाटू नये.

या कसोट्यांवर महामार्ग हंगामी पिकासारखा वागतो. ऑक्टोबरात सोयाबीन निघाले की सिमेंटच्या सपाट, तापलेल्या रस्त्यासारखे खळे शिवारात दुसरे नसते. अर्धी लेन सोयाबीनने पिवळी होते, कडेने डोक्याएवढे दगड ओळीने मांडले जातात, एखादी बाई अनवाणी पायांनी दाण्यांत रेघा ओढत फिरते आणि डोक्यावर टॉवेल टाकलेला माणूस येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलला हातानेच ‘तिकडून, तिकडून’ करतो. संध्याकाळी धान्य पोत्यांत भरून घरी जाते, दगड तिथेच राहतात. हे कारण अव्वल दर्जाचे आहे, कारण त्यावर रागावणारा साहेबही शेतकऱ्याचाच मुलगा असतो. नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, त्याऐवजी फडफडणारे एखादे वाढे, ट्रॅक्टरवर कानठळ्या बसवणारा डेक आणि पुढचा रस्ता दिसणार नाही इतका रुंद ऊस. अशा ट्रॉलीमागे अडकलेला माणूस धीर धरून मागेच राहिला, तर त्याला पंधरा मिनिटांचा निर्दोष उशीर विनासायास मिळतो. ट्रॉली उलटली हे कारण त्याहून वजनदार आहे, पण ते हंगामात एकदोनदाच वापरावे. एप्रिल-मेमध्ये पीक नाही, पाऊस नाही, पारा चव्वेचाळीसवर. तेव्हा महामार्गावर फक्त लग्नसराई असते. वरातीचा डीजे रस्त्यात आडवा आला होता, हे ऐकताना साहेबांच्या चेहऱ्यावर सहानुभूती दिसते, कारण त्यांनाही त्याच दिवशी चार लग्ने असतात.

पावसाळ्यासाठी मात्र आतल्या रस्त्याला तोड नाही, आणि याचे श्रेय इथल्या काळ्या मातीला द्यायला हवे. या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता तिच्याबरोबर वर-खाली होतो, म्हणून दोन पावसाळ्यांत त्याच्या लाटा होतात. जिथे डांबरही पोहोचलेले नाही अशा पाणंदीत तर तिचा हिसका थेट बसतो. ओल्या काळ्या मातीतून मोटारसायकल शंभर पावले गेली की चिखल चाकाला धरतो, मडगार्डखाली थरावर थर बसतो आणि पुढचे चाक फिरणे थांबते. इंजिन ओरडते, मागचे चाक जागच्या जागी घसरते. मग उतरायचे, बाभळीची काडी मोडून घ्यायची आणि मडगार्ड कोरत बसायचे. दहा मिनिटांनी पुन्हा शंभर पावले. ऑफिसात पोहोचल्यावर तोंडाने काही सांगावे लागत नाही. गुडघ्यापर्यंतची पँट सांगते. उशिराचा पुरावा अंगावर घेऊन येणारा रस्ता दुसरा नाही. त्यातून वाटेत एखादा ओढा असला आणि त्याला पाणी आले असले, तर तिन्ही कसोट्या एका दमात उतरतात: पाणी कोणाच्या हातात नाही, तिथे मोबाइलची रेंज नाही, आणि ओढ्याला महिन्यात चारदा पाणी येऊ शकते.

शहरी रस्त्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शहरातली कारणे किरकोळ आणि तपासण्याजोगी असतात. नव्या मोंढ्याकडे गाड्यांची रांग लागली होती असे सांगावे, तर साहेब स्वतः तिथूनच आलेले असतात. फाटक पडले होते, मोर्चा होता, मिरवणूक होती, हे ऐकणाऱ्याला खिडकीतून दिसते. फेब्रुवारीच्या सुमारास सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो तेवढे दिवस शहरी पक्षाची चलती असते, पण ते कारण साऱ्या शहराला एकदम लागू होत असल्याने साहेब त्या दिवसांत सगळ्यांनाच लवकर निघायला सांगून ठेवतात. गल्ल्यांतून जाण्याचा सल्ला देणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की गल्लीत ओळखीची माणसे भेटतात. ‘काय राव, इकडं कसं काय?’ या प्रश्नाचे उत्तर गाडी बंद केल्याशिवाय देता येत नाही, आणि चहा घेतला म्हणून उशीर झाला हे कारण कोणत्याही कसोटीवर टिकत नाही.

आता गंभीर आक्षेपांकडे येऊ. पहिला सुरक्षिततेचा: माणसाला महामार्गावर पाठवणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ नव्हे काय? आकडे आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूचे आहेत. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली, त्यांतली 15,224 महाराष्ट्रात. राष्ट्रीय महामार्ग देशातल्या एकूण रस्त्यांच्या जेमतेम 2 टक्के, पण त्यांवर मेलेली माणसे 36 टक्क्यांच्या घरात. मेलेल्यांत दुचाकीवाले साडेचव्वेचाळीस टक्के, आणि दर दहा मृत्यूंपैकी सातांमागे नोंदवलेले कारण अतिवेग. आमचे प्रतिपादन याला विरोध करत नाही; उलट ते या आकड्यांवर निघालेला एकमेव स्वस्त इलाज आहे. माणूस ऐंशीने गाडी का हाकतो? कारण पावणेदहा वाजायला आले आहेत आणि त्याच्याकडे सांगायला काही नाही. ज्याच्या खिशात उसाच्या ट्रॉलीचे कारण आहे तो ट्रॉलीला ओलांडायला कशाला जाईल? साठऐवजी ऐंशीने धडकणारी गाडी सुमारे पावणेदोन पट जोराने धडकते, आणि हे सगळे ज्या पाच मिनिटांसाठी, ती तर पुढच्या चौकात रिक्षामागे जाणारच आहेत. हेल्मेट घालावे. ते घालायला-काढायला वेळ लागतो, हेसुद्धा एक कारण आहे.

दुसरा आक्षेप पेट्रोलचा, आणि तो परभणीत हलक्याने घेता येत नाही. महाराष्ट्रात पेट्रोल सर्वांत महाग असलेल्या ठिकाणांत परभणीचे नाव नेमाने येते. 2021 साली दर शंभरीला टेकले तेव्हा परभणी पुढच्या रांगेत होती. कारण इंधन येते मनमाडच्या डेपोतून, सुमारे तीनशे किलोमीटरांवरून, आणि टँकरचे भाडे दरात धरले जाते. म्हणजे आपण ज्यावर अपडाऊन करतो ते पेट्रोलच आपल्याहून मोठे अपडाऊन करून आलेले असते. तरीही हिशेब मांडून पाहावा. गाडी लिटरला पन्नास किलोमीटर देते आणि आतला रस्ता येता-जाता मिळून चार किलोमीटर जास्त पडतो असे धरले, तर रोजचा फरक आठ-नऊ रुपयांचा. तीन लेटमार्कला एक रजा हा भाव पाहता पावसाळ्यात एवढा खर्च परवडतो. उन्हाळ्यात परवडत नाही, कारण तेव्हा त्या रस्त्यावर काहीच पिकत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत धारदार आहे. सगळ्यांनी हे मार्गदर्शन पाळले तर कारणांची किंमतच उरणार नाही. मान्य. हा वॉर्ड्रॉपचाच नियम आहे, फक्त रस्त्यांऐवजी कारणांना लागू. ओढ्याच्या पाण्यावर आज लोक विश्वास ठेवतात म्हटल्यावर उद्या चार जण त्याच ओढ्यात अडकतील, आणि सगळी कारणे सारखीच अविश्वसनीय होईपर्यंत हे चालेल. काही अंशी ते घडलेच आहे. पूर्वी ‘जिंतूर रोड’ एवढे दोन शब्द उच्चारले की ऐकणारा मान हलवायचा; रस्ता सिमेंटचा झाला आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ही मिळकत एका निविदेत बुडाली. आता तर साहेब मोबाइलवर नकाशा उघडून रस्ता हिरवा आहे की लाल ते पाहतात, आणि कोणी ट्रॉली उलटल्याचे सांगितले की त्याच रस्त्याने आलेला दुसरा सहकारी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मोकळ्या रस्त्याचा फोटो टाकतो. यावर उपाय एकच दिसतो. एका ऑफिसात झरीकडून येणारे जेवढे असतील त्यांनी महिन्याच्या पहिल्या तारखेला बसून कारणे वाटून घ्यावीत. नोकरीत सगळ्यांत नव्या माणसाला पंक्चर द्यावे; ते जुने आहे, पण त्याच्या तोंडी खपून जाते.

एसटीने जाणाऱ्यांना रस्ता निवडण्याची सोय नाही, त्यांच्यासाठी यात काय आहे, असे कोणी विचारील. त्यांना निवडीची गरजच नाही. ‘गाडी लागली नाही’ हे वाक्य 1948 साली एसटी सुरू झाली तेव्हापासून या राज्यात बहुधा विनातक्रार स्वीकारले जात असावे. मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाल्यावर त्यात ‘गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती’ याची भर पडली. तिकिटावर तारीख आणि वेळ छापलेली असते, त्यामुळे कारणाला कागदाचा आधार मिळतो. गाडी वेळेवर आली त्या दिवशी तिकीट हरवावे.

परतीच्या प्रवासासाठी रस्ता कोणताही चालतो, कारण घरी हजेरीचे यंत्र नसते. तिथे दळण आणायचे राहिले तर मात्र महामार्गही वाचवत नाही. राहता राहिले मुख्यालयी राहणारे. शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी, तलाठ्यांनी नेमणुकीच्या गावीच राहावे असा शासनाचा आग्रह आहे, घरभाडे भत्ताही त्यासाठीच, आणि त्याचे दाखले दरवर्षी बिनचूक सादर होतात. पण जे खरोखरच झरीत राहतात, ज्यांच्या खोलीच्या दारातून शाळेची घंटा दिसते, त्यांच्या वाटेत सोयाबीन नाही, ओढा नाही, ट्रॉली नाही, फाटक नाही. त्यांच्यासाठी आम्ही पुष्कळ विचार केला. त्यांनी वेळेवर यावे.